ड्रायव्हर कोडमधला भागाकार तपासताना

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये फ्लोटिंग पॉइंटची गणिते जवळजवळ नसतातच. क्लॉकची वारंवारता, व्होल्टेज, तापमान, बॉड रेट (सिरियल संवादाचा वेग), बफरचा आकार हे सगळे पूर्णांकांतच मोजले जाते, आणि एका एककातून दुसऱ्या एककात जायचे झाले की भागाकार करावा लागतो. असा भागाकार बदलणारा पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) बहुधा एक-दोन ओळींचा असतो, त्यामुळे रिव्ह्यू नव्याने करू लागलेल्यांना तो सोपा वाटतो आणि पहिल्या सरावासाठी ते तोच निवडतात. निवड वाईट नाही, फक्त तो सोपा आहे हा समज बरोबर नाही. असा पॅच कम्पाइल होतो, लिहिणाऱ्याच्या बोर्डावर चालतो आणि तरीही चुकीचा असू शकतो, कारण भाज्य आणि भाजक कोणत्या मर्यादांत फिरतात यावर त्याचे बरे-वाईट ठरते आणि त्या मर्यादा पॅचमध्ये कुठेही लिहिलेल्या नसतात. डेटाशीट (चिपचे तांत्रिक माहितीपत्रक), हाक मारणारे फंक्शन आणि वापरकर्त्याकडून येणारी किंमत यांतून त्या शोधून काढणे हेच रिव्ह्यूचे मुख्य काम असते. पुढील क्रम त्यासाठीच आहे.

आधी प्रकार लिहून काढा

बदललेली ओळ समोर ठेवून भाज्य, भाजक आणि उत्तर साठवणारे व्हेरिएबल या तिघांचे घोषित प्रकार कागदावर उतरवावेत. हे कंटाळवाणे आहे, पण निम्म्या चुका इथेच सापडतात. यू३२ आणि यू६४ हे ३२ व ६४ बिटांचे चिन्हरहित पूर्णांक, त्यांच्याबाबत शंका नसते. अनसाइन्ड लाँग मात्र ३२-बिट आर्किटेक्चरवर ३२ बिटांचा आणि ६४-बिटवर ६४ बिटांचा असतो, आणि क्लॉकचा दर सांगणारे क्लक_गेट_रेट नेमका हाच प्रकार परत करते. डीएमए_ॲड्र_टी, फिज_ॲड्र_टी आणि रिसोर्स_साइझ_टी या मेमरीचे पत्ते व आकार ठेवणाऱ्या प्रकारांची रुंदी तर कॉन्फिगरेशनवर ठरते. ३२-बिट आर्मवर एलपीएई (मोठे भौतिक पत्ते वापरण्याची सोय) सुरू केले की पत्ता ६४ बिटांचा होतो. केटाइम_टी (वेळ), एलऑफ_टी (फाइलमधले स्थान) आणि सेक्टर_टी (डिस्कचा सेक्टर) हे आज सर्वत्र ६४ बिटांचेच आहेत.

रुंदीला एवढे महत्त्व का, हे एकदा नीट समजून घ्यावे. ३२-बिट प्रोसेसरवर ६४-बिट संख्येला भागण्याची सूचना बहुधा नसते, म्हणून कम्पायलर त्या जागी __यूडिव्हडीआय३ किंवा __डिव्हडीआय३ यांसारख्या मदतनीस फंक्शनला हाक घालतो. ही फंक्शने कम्पायलरसोबत येणाऱ्या लिबजीसीसीमध्ये असतात आणि बहुतेक आर्किटेक्चरवर कर्नल ती लायब्ररी जोडतच नाही. परिणामी साध्या तिरप्या रेषेने केलेला ६४-बिट भागाकार कम्पाइल होतो खरा, पण जोडणीच्या वेळी, म्हणजे लिंकर किंवा मॉडपोस्टच्या (मॉड्यूलमधली चिन्हे तपासणाऱ्या साधनाच्या) टप्प्यावर, ‘हे चिन्ह सापडत नाही’ अशी तक्रार येते. लिहिणाऱ्याचे यंत्र ६४-बिट असेल तर त्याला हे कधीच दिसत नाही.

यात एक खाचही आहे. भाजक स्थिर आणि दोनाचा घात असेल, उदाहरणार्थ १०२४, तर कम्पायलर भागाकाराऐवजी बिट सरकवतो आणि मदतनीसाची गरज उरत नाही. तो आकडा कोणी १००० केला की ३२-बिट बांधणी मोडते. म्हणून केवळ स्थिरांक बदलणाऱ्या पॅचलाही ही तपासणी लागू आहे. याच्या उलटही घडते: वारंवार वजाबाकी करणारा साधा लूप पाहून कम्पायलर स्वतःहून त्याचा भागाकार बनवू शकतो. कर्नलच्या __इटर_डिव्ह_यू६४_रेम या फंक्शनमध्ये लूपच्या आत जे रिकामे असेंब्ली विधान दिसते, ते हेच रोखण्यासाठी ठेवलेले आहे. ‘निरुपयोगी ओळ काढली’ असा पॅच आला तर हे आठवावे.

योग्य फंक्शन निवडले आहे का

६४-बिट भागाकारासाठी कर्नलने स्वतःची फंक्शने दिली आहेत आणि त्यांतील फरक मुख्यतः भाजकाच्या रुंदीत आहे. डिव्ह_यू६४ हे यू६४ भाज्याला यू३२ भाजकाने भागते, डिव्ह६४_यू६४ मध्ये दोन्ही बाजू ६४ बिटांच्या असतात, आणि डिव्ह_एस६४ व डिव्ह६४_एस६४ ही त्यांची चिन्हसहित रूपे आहेत. भाजक अनसाइन्ड लाँग असेल तर डिव्ह६४_यूएल वापरावे. बाकीही हवी असेल तर नावाच्या शेवटी रेम असलेली रूपे आहेत.

या सर्वांत जुने आणि सर्वाधिक फसवणारे म्हणजे डू_डिव्ह. ते फंक्शनसारखे दिसते, पण मॅक्रो आहे. पहिल्या जागी दिलेल्या व्हेरिएबलमध्येच ते भागाकार भरते आणि परत मात्र बाकी करते. त्यामुळे ‘क्ष = डू_डिव्ह(क्ष, य)’ अशी ओळ दिसली तर तिथे भागाकाराऐवजी बाकी साठवली जाते आहे हे लगेच ओळखावे. पहिली जागा एकाहून अधिक वेळा मोजली जाते, म्हणून तिथे वाढ-घट करणारी किंवा फंक्शनला हाक मारणारी अभिव्यक्ती चालत नाही. भाजक यू३२ मध्ये कोंबला जातो, आणि हे ६४-बिट यंत्रावरही घडते. समजा, भाजक म्हणून एखाद्या मेमरी भागाचा बाइटमधला आकार आला आणि तो बरोबर ४ जीबी निघाला: खालचे ३२ बिट शून्य, म्हणजे थेट शून्याने भागणे. आकार ४ जीबीहून एका बाइटने जास्त असेल तर भाजक १ होतो आणि उत्तर शांतपणे चुकते. माझ्या मते ही दुसरी स्थिती पहिलीपेक्षा अधिक वाईट आहे.

भाज्य ऋण असू शकत असेल तर डू_डिव्ह त्याला प्रचंड मोठी धन संख्या समजते. काही ३२-बिट आर्किटेक्चरवर मॅक्रोमधली प्रकार-तपासणी त्याबद्दल इशारा देते, ६४-बिटवर काहीच दिसत नाही.

डू_डिव्ह काढून डिव्ह_यू६४ घालणारे पॅच वारंवार येतात. ते तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या फंक्शनचे उत्तर कुठेतरी साठवले आहे का, हे पहिले पाहावे, कारण नुसते ‘डिव्ह_यू६४(न, ब);’ लिहिले तर काहीच बदलत नाही आणि कम्पायलर गप्प राहतो. दुसरे म्हणजे, पुढच्या ओळींमध्ये जुने व्हेरिएबल वापरले असेल तर त्यात आता भागाकाराऐवजी मूळ भाज्य आहे. डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसणाऱ्या तीन ओळींच्या संदर्भावर इथे विसंबू नये, संपूर्ण फंक्शन उघडून वाचावे.

कॉक्सिनेल या कोडमधले नमुने शोधणाऱ्या साधनाची एक स्क्रिप्ट डू_डिव्हचे संशयास्पद वापर शोधून डिव्ह६४_यू६४ सुचवते. ती सूचना आहे, निकाल नाही. भाजकाचा प्रकार ६४-बिट असला तरी त्याची किंमत कधीच काही हजारांपलीकडे जात नसेल, तर ३२-बिट यंत्रावर अधिक महाग असलेला पूर्ण ६४-बिट भागाकार लादण्यापेक्षा त्या व्हेरिएबलचा प्रकारच यू३२ करणे शहाणपणाचे ठरते. हा पर्याय पॅच लिहिणाऱ्याला सुचवायला संकोचू नये.

आधी गुणायचे की आधी भागायचे

पूर्णांकांत आधी भागले तर अचूकता जाते आणि आधी गुणले तर मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका असतो. पॅचने क्रम बदलला असेल तर यांतला कोणता धोका काढून कोणता ओढवून घेतला, हे आकडे घालून पाहावे. २४ मेगाहर्ट्झचा दर १००० ने गुणला तर २४,००,००,००,००० येतात. यू३२ ची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ आहे, म्हणून प्रत्यक्षात हाती २,५२,५१,६३,५२० उरतात. उत्तर साठवणारे व्हेरिएबल यू६४ केले म्हणजे हे सुटले असे अनेकांना वाटते, पण सी भाषेत गुणाकाराची रुंदी गुणल्या जाणाऱ्या संख्यांवरून ठरते, साठवणाऱ्यावरून नाही. गुणाकारातली एक बाजू आधीच यू६४ करावी लागते, आणि तसे केले की पुढचा भागाकारही ६४-बिट होतो, म्हणजे वरच्या टप्प्यातले प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. अशा दुरुस्तीने ३२-बिट बांधणी मोडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

एनसेक_पर_सेक (एका सेकंदातील नॅनोसेकंद) हा स्थिरांक लाँग प्रकारचा आहे, हेही लक्षात ठेवावे. ३२-बिट यंत्रावर त्याला साध्या पूर्णांकाने, अगदी तिनानेही, गुणले तरी मर्यादा ओलांडली जाते.

यू६४ ला यू६४ ने गुणून मग भागायचे असेल तर मल_यू६४_यू६४_डिव्ह_यू६४ हे फंक्शन मधला गुणाकार अधिक रुंदीत ठेवते. मल्ट_फ्रॅक हा मॅक्रोही मर्यादा ओलांडणे टाळतो, परंतु त्याच्या आत साधी भागाकाराची खूण आहे. ३२-बिट यंत्रावर त्याला ६४-बिट संख्या दिल्या की तोच लिंकरचा दोष परत येतो.

बाकी कोणत्या बाजूला पडते

प्रकार आणि फंक्शन बरोबर असूनही पॅच चुकीचा असण्याची सर्वाधिक शक्यता या टप्प्यावर आहे, आणि इथे कम्पायलर किंवा स्वयंचलित साधन यांची मदत मिळत नाही. प्रत्येक भागाकारात बाकी टाकून दिली जाते, खालच्या किंवा वरच्या पूर्णांकात तरी सामावली जाते. यांतले काय योग्य, हे हार्डवेअर ठरवते.

बॉड रेटचे उदाहरण घ्या. २० मेगाहर्ट्झचे क्लॉक, सोळापट सॅम्पलिंग आणि १,१५,२०० चा दर हवा असेल तर भाजक १०.८५ येतो. साध्या भागाकाराने १० मिळतात आणि प्रत्यक्ष दर १,२५,००० होतो, म्हणजे सुमारे ८.५ टक्क्यांची चूक. एवढ्या फरकाने सिरियल संवाद चालणार नाही. डिव्ह_राउंड_क्लोजेस्टने ११ मिळतात आणि चूक सुमारे १.४ टक्क्यांवर येते. इथे जवळचा पूर्णांक हेच बरोबर उत्तर.

आता एसपीआयच्या (चिप जोडण्याच्या एका सिरियल बसच्या) क्लॉकचा भाजक पाहा. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आहे आणि जोडलेल्या चिपला कमाल ३० मेगाहर्ट्झ चालते. भागाकार ३.३३ येतो, जवळचा पूर्णांक ३, आणि त्याने वारंवारता ३३.३ मेगाहर्ट्झ होऊन चिपची मर्यादा ओलांडली जाते. येथे वर नेणारा डिव्ह_राउंड_अपच हवा. त्याने भाजक ४ आणि वारंवारता २५ मेगाहर्ट्झ मिळते. ‘अचूकता वाढवण्यासाठी जवळचा पूर्णांक घेतला’ असे सांगणारा पॅच इथे आला तर तो अचूकता नव्हे, बिघाड वाढवतो. थोडक्यात विचारायचा प्रश्न असा: ही संख्या कमाल मर्यादा आहे, किमान मर्यादा आहे, की लक्ष्य? रेग्युलेटरचे किमान व्होल्टेज, थांबण्याचा कालावधी, बफरसाठी लागणारी पाने यांत कमी पडणे चालत नाही, म्हणून तिथे वर जावे लागते.

थांबण्याच्या कालावधीबद्दल एक वेगळी सूचना. मिलिसेकंदांचे जिफीज (कर्नलच्या घड्याळाचे टिक) करणारी एमसेक्स_टू_जिफीज आणि तिच्यासारखी फंक्शने वरच्या बाजूला जातात. त्यांच्या जागी कोणी हाताने ‘मिसे * एचझेड / १०००’ लिहिले आणि कर्नल एचझेड १०० वर, म्हणजे सेकंदाला १०० टिकांवर, बांधलेला असेल, तर ५ मिलिसेकंदांचे शून्य जिफीज होतात. एचझेड १००० असलेल्या यंत्रावर हे उघड होत नाही.

सर्वात बारीक प्रकरण पीडब्ल्यूएमचे, म्हणजे ठरावीक कालावधीच्या चालू-बंद स्पंदांचे आहे. तिथे नियम असा की ड्रायव्हरने मागितलेल्या कालावधीपेक्षा मोठा नसलेला, शक्य तितका मोठा कालावधी लावावा, म्हणजे खाली जावे. आणि हार्डवेअरमधली स्थिती वाचून सांगताना मात्र वर जावे. विसंगत वाटणारा हा नियम का आहे ते आकड्यांत पाहावे. क्लॉक ३० मेगाहर्ट्झचे आहे, म्हणजे एक टिक ३३.३३ नॅनोसेकंदांची. ७० नॅनोसेकंद मागितले तर २ टिक लागतात. वाचताना ६६.६७ चे खाली जाऊन ६६ सांगितले आणि तीच किंमत कोणी परत लावली, तर १.९८ टिकांचा १ टिक होतो. काहीही बदल न मागता कालावधी निम्मा झाला. वर जाऊन ६७ सांगितले तर पुन्हा २ टिकच मिळतात. म्हणून पीडब्ल्यूएम ड्रायव्हरमधला एकच भागाकार बदलला असेल तर लावणारे आणि वाचणारे असे दोन्ही मार्ग एकत्र उघडून पाहावेत. कर्नलच्या पीडब्ल्यूएम_डीबग या पर्यायामध्ये अशा विसंगती पकडण्याची सोय आहे.

वर नेणाऱ्या मॅक्रोचीही स्वतःची मर्यादा आहे. डिव्ह_राउंड_अप आधी भाज्यात ‘भाजक वजा एक’ मिळवतो. भाज्य यू३२ ची कमाल किंमत आणि भाजक २ असेल तर बेरीज गडगडून शून्यावर येते आणि उत्तरही शून्य येते. भाज्य वापरकर्त्याकडून येत असेल तर हा निव्वळ काल्पनिक धोका राहत नाही. ६४-बिटसाठीचा डिव्ह_राउंड_अप_यूएलएल आतून डू_डिव्ह वापरतो, त्यामुळे त्याचा भाजकही ३२ बिटांतच बसला पाहिजे. राउंडअप कोणत्याही संख्येच्या पटीत नेतो, पण अंडरस्कोर असलेला राउंड_अप फक्त दोनाच्या घातांसाठी आहे. या एका अंडरस्कोरमुळे किती पॅच परत पाठवावे लागत असतील कोण जाणे.

काही वेळा भागाकार टाळणे हेच उत्तम उत्तर असते. सेन्सर व एडीसीसाठीच्या आयआयओ उपप्रणालीत आयआयओ_व्हॅल_फ्रॅक्शनल या प्रकाराने अंश आणि छेद वेगवेगळे परत करता येतात आणि भागण्याचे काम उपप्रणालीच्या गाभ्याकडे जाते. ड्रायव्हरमध्येच हाताने भागून अचूकता गमावणारा कोड दिसला तर हा मार्ग सुचवावा.

ऋण संख्या आणि शून्य

सी भाषेत भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो, तर उजवीकडे बिट सरकवल्यास कर्नलच्या कम्पायलरांवर उत्तर ऋण अनंताच्या दिशेने जाते. –७ ला २ ने भागले तर –३ मिळतात, एक बिट सरकवला तर –४. म्हणून भागाकाराच्या जागी बिट सरकवणारा ‘वेगवान’ पॅच चिन्हसहित संख्येवर वर्तन बदलतो.

चिन्हसहित आणि चिन्हरहित यांची सरमिसळ याहून अधिक घातक असते. आठ तापमान नमुन्यांची बेरीज –४० आहे आणि सरासरीसाठी तिला ॲरे_साइझने (ॲरेतील घटकांची संख्या देणाऱ्या मॅक्रोने) भागले आहे असे समजा. ॲरे_साइझचा प्रकार चिन्हरहित साइझ_टी आहे, त्यामुळे –४० आधी प्रचंड धन संख्या बनते. ३२-बिट यंत्रावर उत्तर ५३,६८,७०,९०७ येते. ६४-बिट यंत्रावर मात्र उत्तर पुन्हा इंटमध्ये साठवताना वरचे बिट गळून पडतात आणि योगायोगाने –५ हेच बरोबर उत्तर हाती लागते. नमुने आठऐवजी दहा केले की तिथेही हा योगायोग संपतो. डिव्ह_राउंड_क्लोजेस्टच्या टिपेतही ऋण भाज्य आणि चिन्हरहित भाजक एकत्र चालत नाहीत असे बजावले आहे.

वापरकर्त्याकडून येणाऱ्या किमतीवर आधी मर्यादा घालायची की आधी भागायचे, हाही क्रमाचाच प्रश्न आहे. २०२४ मध्ये एचडब्ल्यूमॉनच्या (तापमान, व्होल्टेज यांवर नजर ठेवणाऱ्या उपप्रणालीच्या) अनेक ड्रायव्हरांत याच कारणाने दुरुस्त्या झाल्या: –९२२३३७२०३६८५४७७५८०८ यासारखी टोकाची किंमत लिहिली की डिव्ह_राउंड_क्लोजेस्टच्या आतली वजाबाकी मर्यादेबाहेर जात असे आणि त्यानंतरचा, किंमत मर्यादेत बसवणारा क्लॅम्प_व्हॅल चुकीच्याच संख्येवर चालत असे. आधी क्लॅम्प, मग भागाकार, असा क्रम करून ते सोडवले गेले.

शून्य भाजकाबाबत ‘हे कधीच घडत नाही’ या उत्तरावर थांबू नये. क्लक_गेट_रेट शून्य परत करू शकते. फ्रेमबफरच्या अनेक ड्रायव्हरांत वापरकर्त्याने पिक्सक्लॉक (पिक्सेलचा कालावधी) शून्य दिल्यास भागाकार फसत असे आणि २०२२ च्या सुमारास त्यासाठी तपासण्या घातल्या गेल्या. यंत्रागणिक परिणाम वेगळा असतो, हेही ध्यानात घ्यावे. एक्स८६ वर शून्याने भागताच अपवाद उठतो आणि कर्नल ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देतो. आर्म६४ ची भागाकाराची सूचना निमूटपणे शून्य देते, तर आरआयएससी-व्हीवर सर्व बिट एक असलेली संख्या मिळते. आर्म६४ च्या बोर्डावर सगळे सुरळीत चालले हा शून्य भाजक येत नसल्याचा पुरावा होत नाही.

बांधून पाहणे आणि उत्तर देणे

वाचन संपले की किमान एका ३२-बिट आर्किटेक्चरसाठी ड्रायव्हर बांधावा. एक्स८६ च्या यंत्रावर आर्क=आय३८६ देऊन हे सहज जमते; आर्मसाठी क्रॉस-कम्पायलर लागतो. ड्रायव्हर दुसऱ्या हार्डवेअरचा असेल तर त्याच्या केकॉन्फिगमध्ये (बांधणीच्या पर्यायांच्या फाइलमध्ये) कम्पाइल_टेस्टची, म्हणजे ते हार्डवेअर नसतानाही बांधून पाहण्याची, मुभा आहे का ते पाहावे. बांधताना डब्ल्यू=१ दिल्याने जादा इशारे मिळतात आणि यूबीसॅन या चालू कोडमधील दोष पकडणाऱ्या साधनाच्या पर्यायांत शून्याने भागणे पकडण्याची सोय आहे.

‘वर्तनात बदल नाही’ असा दावा असेल तर जुने आणि नवे सूत्र एका छोट्या यूजरस्पेस प्रोग्रामात शेजारी लिहून संपूर्ण मर्यादेत तुलना करावी. एकच ३२-बिट इनपुट असेल तर सर्वच्या सर्व किमती चालवून पाहणे आजच्या संगणकाला जड नाही. दोन इनपुट असतील तर शून्य, एक, कमाल, कमाल वजा एक, दोनाचे घात आणि त्यांच्या आजूबाजूच्या संख्या निवडाव्यात. प्रोग्राम ३२-बिट पद्धतीनेही कम्पाइल करावा, अन्यथा लाँगच्या रुंदीचे दोष त्यातूनही निसटतात.

उत्तर लिहिताना ‘इथे ओव्हरफ्लो होऊ शकतो’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या किमतीला, कोणत्या आर्किटेक्चरवर आणि काय उत्तर येते, हे आकड्यांनी सांगावे. दोष प्रत्यक्ष हार्डवेअरवर पोहोचू शकत नसेल तर तेही लिहावे, कारण त्यावरूनच पॅचला फिक्सेस टॅग (कोणत्या जुन्या बदलातली चूक सुधारली ते सांगणारी ओळ) आणि आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांच्या स्टेबल शाखेची वाट द्यायची की नाही हे ठरते. पॅचच्या वर्णनात भाजकाची मर्यादा कुठून आली, उदाहरणार्थ ‘रजिस्टरचे हे क्षेत्र ८ बिटांचे आहे, म्हणून २५५ च्या पुढे जात नाही’, असे एक वाक्य मागून घ्यावे. डेटाशीट सार्वजनिक नसेल आणि ती मर्यादा स्वतः पडताळता येत नसेल, तर रिव्ह्यूड-बाय (तपासून पसंती दिल्याची ओळ) देण्याऐवजी आपण नेमके काय तपासले आणि काय तपासता आले नाही, हे साध्या वाक्यांत लिहावे आणि बाकीचा निर्णय मेंटेनरवर (त्या कोडची जबाबदारी असलेल्यावर) सोपवावा.